फणी आधी तिच्या हातात

धनज,
१९ जानेवारी २०२५

सौ. उज्ज्वलास,

वयानं मोठा म्हणून आशीर्वाद लिहाले पाहिजे होता, पण नमस्कारच लिहतो. कारंज्यात तुमी सारे बरे असान. फोन केला असता, पण माहा आवाज ऐकला की तू ठेवून देशीन, म्हणून कागद घेतला.

तुही चंदाताई बरी हाये. जेवण चांगलं हाये. विसरायचा आजार मात्र लय पुढं गेला. मले ओळखत नाई, पोटच्या प्रज्वललेही ओळखत नाई. मले 'पाव्हणे' म्हणते. सकाळी न्हाऊ घातलं की विचारते, "पाव्हणे, गाव कोणतं तुमचं?" मी म्हणतो, "धनज." ती म्हणते, "मंग लय दुरून आले तुमी." आन् हसते. अशी हसते की शेजारची रामीबाई भिंतीवरून डोकावते आन् तीही हसाले लागते.

तुले वाटन, उकंडराव हे सारं करून राह्यला? हो. न्हाऊ घालतो, भरवतो, लुगडं जमत नाई म्हणून गाऊन घालतो. भाकर अजून वाकडीच होते. तीस वर्षं बाजार समितीत मापारी होतो, धान्य मापताना मोठ्यानं ओरडायची सवय. ती मोडली. रामीबाई विचारते, "भाऊ, तुमचा आवाज बसला काय?"

एवढं लिहून पेन बाजूले ठेवला होता. आता खरं लिहतो.

पयले प्रज्वलनं एक बाई ठेवली होती. तिच्याकडून चंदा मुकाट्यानं केस विंचरून घे. महिन्याभरात बाई गेली, आन् फणी माह्या हाती आली. मी हात वर केला, तसे तिनं दोन्ही कोपर तोंडावर धरले. दुसऱ्या दिवशीही तसंच. डॉक्टर म्हणाले, या आजारात माणसं उगाच भेतात. मी "हो" म्हणलो. उगाच नाई, हे मले ठाऊक होतं. ती नावं विसरली, गाव विसरली, माहा हात नाई विसरली.

बावीस वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याले तू आमच्याकडं होती. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून मी तिले तुह्यासमोर मारलं. तू पिशवी उचलली. "या दारात पुन्हा येणार नाई" म्हणली, आन् आली नाई. तुले वाटलं असन, तेवढं एकदाच झालं. एकदाच नव्हतं. प्रज्वल मोठा होऊन मधात उभा राहाले लागला, तवा थांबलो. तिच्यापाशी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाई. आता रोज बोलतो. तिले कळत नाई.

मंग एक दिवस मी तिच्यापुढं खाली जमिनीवर बसलो. फणी तिच्या हातात देली आन् डोकं पुढं केलं. तिनं माहे चार पांढरे केस विंचरले, भांग पाडला. म्हणली, "आता नवरदेव दिसता." मंग फणी मले देली आन् पाठ करून बसली. तवापासून हाच नेम हाये. आधी माहे केस, मंग तिचे.

काल आमी उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यलो होतो. कोंबडी शेंगांत घुसली, तिले हाकलाले माहा हात एकदम वर गेला. तसाच थिजलो मी. चंदानं हाताकडं पाह्यलं. कोपर नाई उचलले. माहा हात धरून खाली घेतला, मुठीतले हिरवे दाणे त्यावर ठेवले, माही बोटं मिटवून देली. म्हणली, "खा, पाव्हणे. लाजू नोका."

मी हसून राह्यलो होतो की रडून, मले सांगता येत नाई. तवर कोंबडीनं अर्ध्या शेंगा आंगणभर केल्या. चंदा त्यावरही हसली.

यात एवढं काय हाये, असं कोणीही विचारन. तू नाई विचारणार. म्हणून तुलेच लिहलं.

तू ये. माफी मागाले बोलावत नाई. माह्याशी बोलायचं नसन तर नोको बोलू, मी दिवसभर देवळापाशी जाऊन बसीन. डॉक्टर म्हणतात, पुढं तिचं हसणंही जाईन. आता ती लय हसते. तवर ये.

खाली नातं लिहत नाई. काय लिहायचं ते तू ठरव.

उकंडराव