पंधरा तारखेच्या तिकिटाविषयी थोडंसं

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (लॅपटॉप मांडीवर असल्यामुळे तूर्त पाचच अंगांनी घातला आहे, उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) आपली तब्येत ठणठणीत असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि काकू इकडे आल्यापासून आपण वेळेवर जेवत असाल, अशी आशा करतो. आशाच करतो, कारण परवा फोनवर तुम्ही 'माझं काय, चाललंय' हे ज्या आवाजात म्हणालात, त्यावरून काहीही चाललेलं नाही हे कोणालाही कळलं असतं. खरं तर हे सगळं मी फोनवरच बोललो असतो, पण काकूला ऐकू जाणार नाही असा एकही कोपरा या दोन खोल्यांत उरलेला नाही. म्हणून कागद.

तर विषय पंधरा तारखेच्या तिकिटाचा. आपण काकूचं परतीचं तिकीट काढून पाठवलंत, ते मिळालं. घाई केलीत असं मी म्हणणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले, आता बायको घरी यावी असं कोणालाही वाटेल. पण डोळा म्हणजे डोळा आहे काका. प्रवासात धूळ असते, वारा असतो, समोरच्या बाकावर डबा उघडून बसलेली माणसं असतात. डॉक्टरांचंही मत 'घाई नको' असंच पडलं. (कशाची घाई नको म्हणाले, ते ओघात येईलच.) तेव्हा तिला अजून थोडं इथे राहू द्यावं, एवढंच सुचवायचं आहे. कारणं सविस्तर लिहितो. आपण आयुष्यभर जमिनी मोजल्यात, मोघम बोललेलं आपल्याला खपत नाही हे ठाऊक आहे.

त्यासाठी आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. गेली सात वर्षं आपण दर भेटीत विचारता, 'तुझं ऑफिस नेमकं कुठे आहे?' आणि मी म्हणतो, 'कुठेच नाही,' की लगेच आपण काकूकडे बघता. पण ते खरंच कुठेच नाही हो. आम्ही आठ जण आठ घरांत बसून एकच प्रोग्रॅम लिहितो. दुकानदारांना गोदामात किती माल उरलाय ते तो सांगतो. (चुकीचं सांगतो. म्हणून तर आम्हाला काम आहे.) आपला दुसरा प्रश्न असतो, 'यात पुढे काय?' तेही सांगतो. माणूस आधी कनिष्ठ असतो, मग नुसता असतो, मग वरिष्ठ होतो, आणि तिथे वाट फुटते. एका वाटेने गेलं तर शेवटपर्यंत कोड लिहायचा, फक्त हुद्द्याचं नाव लांबत जातं. दुसऱ्या वाटेने गेलं तर टीमचा प्रमुख व्हायचं, म्हणजे स्वतः काही करायचं नाही आणि बाकीच्यांना 'कधी होईल?' विचारत फिरायचं. मी या धंद्यात बारा वर्षांचा जुना, त्यामुळे आमच्या मोठ्या बाईंनी (माझी बॉस, आवाज शांत आणि म्हणूनच भयंकर) मला गेल्या महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवायला सांगितलं होतं. मला कोड लिहायचा होता. पण प्रमुख व्हायला नको म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे आजारी समजतात.

अशात काकू आली. ऑपरेशन झालं. पहिले पंधरा दिवस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही. तीस वर्षं रुग्णालयात मेट्रन असलेल्या बाईला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे काय, हे मी आपल्याला काय सांगावं! डोळे मिटलेले, हात रिकामे, उरले कान. आणि ते कान दिवसभर माझ्या मागे तीन फुटांवर.

डोळ्यात चार वेळा थेंब घालायचे होते. मी कामात वेळ विसरेन म्हणून ऑफिसच्या कॅलेंडरमध्येच नोंद केली: 'थेंब. टाळता येणार नाही.' दिवसातून चारदा. हे कॅलेंडर सगळ्यांना दिसतं, हे मात्र साफ विसरलो. शिवाय आमच्याकडे नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. जागेवरून दहा मिनिटं उठलं की तो पिवळा होतो आणि माणूस कामचुकार ठरतो. हे काकूला एकदा बोलून बसलो. तेव्हापासून मी आंघोळीला गेलो की ती एका हाताने माऊस हलवत बसायची, आणि शेवटी दारावर थाप मारून ओरडायची, 'आटप रे, तुझा ठिपका कधीही जाईल!' वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा विचारलं की घरात कोणी अत्यवस्थ आहे का.

आता मुख्य प्रसंग. रोज सकाळी दहाला आमची बैठक असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, हे प्रत्येकाने सांगायचं. पंधरा मिनिटांची बैठक तासभर चालते, कारण कोणी कोणाचं ऐकत नाही. काकूने तीन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'अरे, हे तर आमचं पाळी बदलतानाचं हस्तांतर! पण इतकं गचाळ? माझ्या वॉर्डात असं सांगितलं असतं ना, तर पेशंट दुपारपर्यंत दगावले असते.' आमच्यात एक जण आहे, त्याला काकूने 'जवळजवळ' असं नाव ठेवलं, कारण तो रोज 'जवळजवळ झालंय' एवढंच सांगतो. नवव्या दिवशी माझं बोलून झालं आणि आत दूध उतू जायला लागलं. मी धावलो. बोलून झालं की आधी माईक बंद करायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. दुधाच्या नादात ते पाळायचं राहिलं. मी आत पातेलं उचलतोय आणि बाहेरून मेट्रनच्या आवाजात (तो आवाज आपल्याला माहीत आहे, विशेषण लावत नाही) आलं, 'ऐकलंस का रे? हा जवळजवळ, नऊ दिवस तेच म्हणतोय. याचं काही झालेलं नाही. पोरगं अडकलंय आणि सांगायला लाजतंय. आणि तुम्ही सगळे गप्प! माणसं आहात का खांब?'

मी पातेल्यासकट बाहेर आलो. पडद्यावर सात चेहरे गोठलेले. मला वाटलं, गेली नोकरी. तेवढ्यात 'जवळजवळ' हळूच म्हणाला, 'बरोबर आहे. मी नऊ दिवस अडकलोय.' त्यावर आमच्यातली सगळ्यांत नवी मुलगी म्हणाली की हीच अडचण तिला मागच्या महिन्यात आली होती, पण कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही. अर्ध्या तासात दोघांनी ते सोडवलं. नऊ दिवस, काका! मग मोठ्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'आत्ता कोण बोललं?'

इथे मी थाप मारली. नाकारत नाही. 'सल्लागार' असा शब्द तोंडातून गेला. मोठ्या बाई म्हणाल्या, 'म्हणजे त्या थेंबवाल्या? मी कॅलेंडरमध्ये बघतेय रोज. कामाची नवी पद्धत आहे का?' मी हो म्हणालो. (एका थापेला दुसरी लागतेच.) त्यांनी सांगितलं, उद्यापासून सल्लागारांना बैठकीला बसवा.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी काकू वेणीफणी करून, काळा चष्मा लावून पावणेदहालाच खुर्चीत हजर. 'जवळजवळ' हा शब्द पहिल्याच दिवशी बंद झाला. 'पेशंट जवळजवळ बरा झाला म्हणून घरी सोडतो का आपण?' असं तिने विचारलं, आणि आठही जणांनी शाळेतल्यासारखं 'नाही' म्हटलं. त्यात मोठ्या बाईही होत्या. बैठक अकरा मिनिटांत संपायला लागली. नव्या मुलीचा खोकला ऐकून काकूने तिला दोन दिवस झोपवलं आणि तिचं काम परस्पर माझ्या गळ्यात मारलं. आता 'जवळजवळ' अडला की मला नाही, काकूला फोन करतो. तिला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण ती म्हणते, 'पहिल्यापासून सांग बरं,' आणि तो सांगता सांगता स्वतःच सोडवतो. मी बारा वर्षांत जे केलं नाही, ते ही बाई डोळे मिटून करत होती.

महिनाअखेरीला मोठ्या बाईंनी बोलावलं. 'असा सल्लागार शोधून आणलास, म्हणजे प्रमुखपदाला तूच योग्य,' अशी सुरुवात त्यांनी केल्यावर मला राहवेना. सगळं ओकलो: काकू, मोतीबिंदू, दूध. त्या म्हणाल्या, 'मला माहीत आहे. तुझ्या काकूंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. तू कधी सांगतोस तेवढंच बघत होते.' मग म्हणाल्या, तू कोड लिही, ते तुला येतं. रोज दहा ते अकरा टीम तुझ्या काकूंकडे, सहा महिन्यांच्या करारावर. काका, चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदाच हवं ते मिळालं, आणि तेही वशिल्याने!

त्या संध्याकाळी काकू खिडकीपाशी बसली होती. मी म्हटलं, दमलीस का? म्हणाली, 'नाही रे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं.' हे आपल्याला टोचावं म्हणून लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एवढं बोलून आवरतो. आपण सुज्ञ आहात.

आपला,
(पूर्वी नुसता, आता नावापुढे तीन विशेषणं असलेला) पुतण्या

ता. क. १ : डॉक्टरांचं म्हणणं खरं तर असं आहे की काकूचा डोळा तीन आठवड्यांपूर्वीच बरा झाला आणि दुसऱ्या डोळ्याची घाई नको. पहिली थाप आपल्याला मारली, माफी असावी. खरी विनंती ही, की करार संपेपर्यंत, म्हणजे सहा महिने, काकूला इथेच राहू द्यावं. माझ्या टीमचा संसार तिच्यावर आहे.

ता. क. २ : घोटाळा झाला. पत्र प्रिंटरवरून मी उचलायच्या आधी काकूने उचललं आणि उभ्या उभ्या वाचून काढलं. (डोळा उत्तम आहे.) म्हणाली, 'शहाण्या, घरून करायचं काम आहे ना हे? मग माझं घर कुठे पळून गेलंय? मी पंधराला जाते आणि सोळाला दहा वाजता तिथून बसते. शिवाय ह्यांच्याकडेही बघायला हवं. चाललंय म्हणतात, म्हणजे नुसत्या चहावर असणार.' काका, मी सात वर्षं घरून काम करतोय. हे काम कुठूनही करता येतं, असं सगळ्या नात्यात सांगत फिरलो. आणि तिलाही ते करता येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. टीमचं काही अडत नाही.

ता. क. ३ : हे काकू भाजीला गेली असताना लिहितोय. माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. येऊ दिलं नाही. सात वर्षं या खोलीत मी दिवसाला सात चेहरे बघतो आणि अकरानंतर कोणाशी बोलत नाही. ती आल्यापासून घरात कोणीतरी रागावतं, 'जेवलास का' विचारतं, दारावर थापा मारतं. ती गेली की काम चालेल हो, मला करमणार नाही. म्हणून तिचं पंधरा तारखेचं तिकीट मी कालच रद्द केलं. तिला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन तेव्हा आपण इथे असलात तर बरं. शरमेने नुसतं माफीपत्र पाठवणार होतो, त्याऐवजी पाकिटात एक तिकीट ठेवलंय. आपल्या नावाचं आहे, तेरा तारखेचं, इकडे यायचं. फक्त परतीचं काढू नका.