थरथरती तार

प्रिय टापटीपराव,

आकडे जुळले. आधी एवढंच वाच आणि खुर्चीवर बस. भट्टीचा आकडा आणि आपल्या लेझरचा आकडा, दोन्ही आज एकमेकांना धरून आले, तेही तपासनीस बाई समोर बसलेल्या असताना. आज नाही जुळले तर लेझरची मांडणी भंगारात, असं साहेबांनी बजावलंच होतं.

तू गेल्यावर मी सगळं करून पाहिलं रे. लांबूनच ताप मोजणारा, भट्टी आणि लेझर दोन्हींसमोर धरून तपासायचा तो आपला डोळा बदलला, भिंगं पुसून पुसून झिजवली. काळ्या भट्टीसमोर डोळा शहाण्यासारखा वागायचा, पण लेझर टाकला की भलताच आकडा. मी हात टेकले होते. परवा एसी बंद पडला म्हणून टेबलपंखा लावला, तर वाऱ्याने चिकटपट्टी सुटली आणि लेझरचा प्रकाश आणणारी ती केसाएवढी काचेची तार लागली फडफडायला. आता आणखी एक डोक्याला ताप म्हणत बघते, तर आकडा बरोबर. पंखा बंद केला, चूक. पुन्हा लावला, बरोबर.

अरे, तू ती तार हलू नये म्हणून इंच इंच चिकटवली होतीस ना, तिथेच घोडं पेंड खात होतं. लेझरच्या ठिपक्यात बारीक काळे-उजळ डाग असतात. तार गप्प, म्हणून डागही जागच्या जागी, आणि डोळ्यावर उजेड कुठे कमी, कुठे जास्त. तार हलली की सगळं मिसळून सारखं होतं. तुझ्या टापटिपीनेच घात केला, आणि तू मांडणीला बोल लावून काचेच्या कारखान्यात नोकरीला निघून गेलास.

पंख्यावर भरवसा नको म्हणून आज तारेला आईचा पाठ रगडायचा मसाजर बांधला. तो बाईंसमोर गुरगुरत होता आणि साहेब छताकडे बघत होते. आकडे आल्यावर बाईच आधी हसल्या. आई घरी कण्हतेय, पण खूश आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण पुढचं बोलायला जीभ रेटत नाही. मांडणी आता राहतेय, तिला दुसरा माणूस हवाय. साहेबांचं बोलावणं तुला वेगळं येईलच. हे माझं आहे. तू नसलास की मला हे टेबल खायला उठतं, आणि घरही. माझ्याशी लग्न करशील? हवा तेवढा विचार कर, पण उत्तर द्यायला स्वतः ये. आणि हो असेल, तर बिऱ्हाड घेऊनच ये.

तुझीच,
पसारेवाली