खंडेनवमी आणि निळा थर

१३ ऑक्टो., सोम., खालापूर
पांढऱ्या ओएलईडी दिव्याच्या पातळ पॅनेलवर काळे डाग! शनिवारी नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, कडेने आत सरकताहेत.  या पॅनेलांचा हाच संच दिवाळीनंतर ग्राहकाकडे तपासायला जायचा. टिकला नाही तर आमचे मालक, सर, युनिटला कुलूप लावणार, स्पष्टच बोललेत. आणि पांढऱ्या उजेडातला निळा ज्यातून येतो, त्या निळ्या थराचं नवं मिश्रण माझं. कमी विजेत जास्त उजेड म्हणून पेढे वाटले होते मी.

१४ ऑक्टो.
दहिवलीहून निघाले आणि स्कूटरवर एकदम आठवलं. खंडेनवमी! त्या दिवशी सरांच्या आईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आज याला सुट्टी द्या रं. वरीसभर राबतंय, एक दिस गप बसू दे." सरांनी नायट्रोजनच्या पेटीचा स्विच पाडला. म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणंच बंद. निळ्या थराची पूड आत उघडी, आणि हा संच त्याच पुडीचा. आम्ही सगळे प्रसाद खात उभे.
ओलाव्याचे डाग असतील तर माझं मिश्रण दोषातून सुटलं. हायसं वाटलं. लाजही वाटली.

१५ ऑक्टो.
सरांना सांगायचं कसं? त्यांच्या आईंवर ढकलतेय असं वाटणार. दुपारी धीर करून सांगितलं. ते उठून पेटीपाशी गेले. मग, "स्विच मीच पाडला. मिश्रण तेच, पण नवी पूड, नवा संच. दिवाळीतही पेटता ठेव."
सरांच्या आई दारातच होत्या. "मला काय ठावं गं, ते असं आजारी पडतं." तोंड एवढंसं झालं त्यांचं.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
घरी. संच तिकडे युनिटमध्ये एकटा पेटलेला. वीज गेली, इन्व्हर्टरने दगा दिला तर... करंज्या करपवल्या. नवरा म्हणतो, "अगं, लाइट हाय ती, लेकरू नाय." त्याचं काय जातंय बोलायला! 

२५ ऑक्टो., शनि.
युनिटचं कुलूप उघडलं. संच पेटलेला. एकही डाग नाही! रडूच आलं.
मग उजेडाचा रंग मोजणारा मीटर लावला. पांढरा पिवळसर झालाय. त्यातला निळा उजेड उतरतोय, आणि भलताच लवकर. परत मोजलं. तेच. पेटी कोरडी, पूड नवी. म्हणजे माझं मिश्रणच...
सरांनी बाहेरून विचारलं, "डाग?"
"एकही नाही, सर."
खोटं नाही बोलले. पण आता ते फोनवर आईंना सांगताहेत, "आई, टिकला गं दिवा! तू उगाच जिवाला लावून घेतलंस." मी आत बसून हे लिहितेय. पिवळेपणाचं सांगायला अजून उठले नाही.