एकूण अपत्ये : एक

औरंगाबाद, १९ मे २०१६

रा. रा. काकासाहेब यांस श्रीरंगचा नमस्कार.

वैजापूरला तुम्ही सगळे खुशाल असाल, टँकर वेळेवर येत असेल आणि आमची स्वरदा तुमच्या घरी सुखात असेल, असं धरून चालतो. इकडे नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. चिकलठाण्याकडे मात्र रोज नवी इमारत उठते (पोहायच्या तलावासकट).

येत्या एकतीस तारखेला मी निवृत्त होतोय. छत्तीस वर्षं कारकुनी केली, शेकडो लोकांची पेन्शनची कागदपत्रं बिनचूक लिहिली, आणि घोळ घातला तो स्वतःच्याच सेवापुस्तकात. गतिमंद मुलीला आईबापांच्या माघारी हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, हे मीच दहा जणांना समजावून सांगितलंय. फक्त तिचं नाव कुटुंबाच्या तपशिलात हवं. आमच्या ओवीचं नाही. तिथं माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलंय, एकूण अपत्ये : एक.

का, ते तुम्ही जाणताच. सात वर्षांपूर्वी तुम्ही स्वरदाला बघायला येणार होतात आणि तुमचा पुतण्या आमच्याच कार्यालयात सेवापुस्तकं चाळत बसायचा. म्हणून मी तेवढं पान नव्यानं लिहिलं, आणि ओवीला मागच्या दारानं शेजारच्या जमिलाभाभींकडे पाठवलं. (ती हातभर मेंदी लावून परतली. त्या दिवशी आमच्या घरात आनंद झाला तो तिलाच.) लग्नानंतर तुम्हाला सगळं कळलं, तरी तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, आणि तिला बघायलाही आला नाहीत. हा तुमचा मोठेपणा की सोय, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता नाव घालायला गेलो, तर ज्या कडुबाला मी हे काम शिकवलं तोच म्हणतो, "भाऊसाहेब, कागदावर नाय ती मुलगी घरात नाय. तुम्हीच शिकवलं नव्हं?" अपंगत्वाचा दाखला दाखवला, तर मुलगी तुमचीच कशावरून, म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण शिकवणी इतकी पक्की झालेली पाहून लाजच वाटली.

शेवटी घरी चौकशी ठरली. सोमवारी साहेब आले. आमच्या मीनाक्षीनं साठवणीच्या पाण्यातून सरबत केलं. मी ओवीला हाक मारली, पण ओवी घरात नव्हती. दारात अनोळखी चपला दिसल्या की ती आपली आपण मागच्या दारानं जमिलाभाभींकडे जाते. सात वर्षांत हे एकच काम आम्ही तिला नीट शिकवलं. मी धावत गेलो, तर ती पलंगाखाली तोंड झाकून बसलेली, काही केल्या बाहेर येईना. साहेब म्हणाले, चौकशी राहत्या घराची आहे, शेजारच्या नाही. शेरा पडला : दुसरी मुलगी आढळली नाही.

असो. वहिनींना नमस्कार. यंदा आंबे पाठवू नका, गोड लागत नाहीत.

आपला,
श्रीरंग

ता. क. फेरचौकशी येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे. एका नातेवाइकाची साक्ष लागते. जमिलाभाभींनी ओवीला लहानपणापासून भरवलंय, पण त्या नात्यात बसत नाहीत. तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत, पण बसता. तेव्हा हात जोडून सांगतो, या.

ता. क. दुसरा. आलात की चपला दारात काढू नका, पिशवीत घालून आत आणा. दिसल्या तर ती निघून जाईल. तुमच्यासाठीच शिकवलं होतं तिला ते.