सहा मापं आणि चष्म्याची बाई

ता. ३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

सोमवारी सकाळी देवासमोर बसलो, शांतपणे नामस्मरण केलं, दुकान उघडलं आणि तुझ्या होणाऱ्या जावयाच्या लग्नाच्या सुटाचं कापड वाया घालवलं. रागावण्याआधी पुढचं वाच.

त्यांची सहा मापं घेतली. नेहमीप्रमाणे लिहिली नाहीत. ज्यांच्याकडे मी शिवण शिकलो त्या मास्तरांनीही कधी लिहिली नाहीत. मापं डोक्यात धरून टेबलाकडे वळलो. समोरच्या चष्म्याच्या दुकानात मोठा टीव्ही लावलाय. त्यात एक बाई दिवसभर चष्मा घालते, काढते, दुसरा घालते. तिचं काही ठरत नाही. मी बघत राहिलो आणि कोटाची लांबी पँटला दिली, पँटची कोटाला.

गंमत अशी, की डोक्यात दोन मापं असली तर ती बाई दिसतही नाही. सहा झाली की नजर सुटलीच. देवापुढे नाव एकच, म्हणून निभतं.

लोभ असू दे, पुरवून पुरवून का होईना.

तुझा भाऊ

ता. ७ मार्च

चि. भाऊस, अ. उ. आ.

कोट गुडघ्यापर्यंत, पँट पोटरीपर्यंत. जावईबापू लग्नाला उभे राहणार की गाळ उपसायला? माझ्या भावाची कात्री चुकत नाही, असं विहीणबाईंना छातीठोक सांगून बसलेय मी.

लहानपणीही तू असाच. दोन जिन्नस सांगितले तर नीट आणायचास. पाच सांगितले की वाटेत बकऱ्या बघत बसायचास आणि नुसता साबण घेऊन यायचास.

नवं कापड पाठवतेय. लग्न बारा दिवसांवर आलंय. खिडकीला पडदा लाव, नाहीतर मापं लिही. या वेळी चुकलास तर जावई तयार सूट घालतील आणि तू पहिल्या रांगेत बसून तो बघशील.

माया उदंड आहे, कापड एवढंच आहे.

ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

पडदा लावला. दुकान बंद समजून गिऱ्हाइकं परतली, शेजाऱ्यांनी तब्येत विचारली. त्यातून पडदा चौकटींचा. आत आलेल्या एका गिऱ्हाइकाची सहा मापं डोक्यात घेऊन टेबलाकडे निघालो आणि चौकटी मोजत बसलो. दोष त्या बाईचा नाही, ताई. डोकं सामान धरण्यात गुंतलं की दाराशी राखणीला कुणी उरत नाही. मास्तरांच्या टेबलासमोर कोरी भिंत होती, हे मला तीस वर्षांनी सुचलं.

आज सकाळी पडदा काढला. जावईबापू आले, माझ्या हातात वही बघून म्हणाले, की मामा, तुम्ही तर लिहीत नाही ना. मी त्यांना सरळ उभं राहायला सांगितलं आणि सहाही मापं लिहिली. मग वहीत बघून कापड कापलं.

विहीणबाईंना कळू न देता लोभ ठेव.

तुझा भाऊ