खांड पडली तेव्हा

आई, तुम्हांला जाऊन वीस वर्षं झाली, तुमच्या मुलाला जाऊन सहा. सासू म्हणून तुम्ही मला खूप काही शिकवलंत, पण आज बोलायचं आहे ते बांधाबद्दल.

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला, खाडीचं खारं पाणी भातात शिरलं, आणि बांधावरून हाक आली, "खांड पडली वो!" तुम्ही तव्यावरची भाकरी तशीच टाकून माझं मनगट धरलंत. मी हातांकडे बघितलं, तर म्हणालात, "मेंदी कसली बघतेस? चिखल घे, त्यो बी रंगतो." बांधावर घरटी एक माणूस उभं. शेत कुणाचं, हे कुणी विचारत नाही. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात, पाणी कमरेला लागतं, बायका एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करतात, आणि खांड बुजते. माप मी आधीच ओलांडलं होतं, पण या गावची झाले ती त्या दिवशी.

पुढे गावाने जमिनी विकल्या. कळंबोलीकडून डंपर येतात, शेतांत मुरूम ओततात. गेल्या वर्षी आपलं शेतही मी विकलं. बांधाच्या आत पिकतं शेत एकच उरलं, तुमच्या धाकट्या दिरांचं. या भाद्रपदात पुन्हा खांड पडली. सत्तरी ओलांडलेले काका बांधावर एकटेच ओरडत होते. समोरच्या ओटीवरून कुणीतरी हसलं, "म्हातारा पान्यावर ओरडतंय. डंपर बोलाव म्हनावं." कुणीही उठलं नाही. तीन भरत्यांत पोटरीला आलेलं भात करपलं.

आठवड्याने काका आपल्या ओटीवर येऊन बसले. "सूनबाय, लोकांचं सोड. तू येशील असं वाटलं व्हतं." मी म्हणाले, अंगात ताप होता. त्यांनी मान हलवली, चहा घेतला, गेले. आता त्यांनीही शेत देऊन टाकलं आहे. गावात हाक द्यावी असं काही उरलं नाही, आणि दिली तरी ती कुणाला द्यायची?

ताप नव्हता, आई. पहिलीच हाक ऐकू आली होती. वाचनालयाचं पुस्तक हातात होतं. मी पान उलटलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. तुम्हांला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तर मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ती ओळ मी गाळली असती.