धुक्यातली मोजणी

२ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पार्सल काल मिळालं. वाटलं, भावजयीची आठवण येऊन काहीतरी गोड पाठवलंत. उघडलं तर आत मोजणीचं यंत्र! मुठीत मावतं, अंगठ्यानं दाबलं की टक् करतं आणि आकडा एकानं पुढे जातो. कालपासून शिवण बाजूला पडलंय. खिडकीतली कबुतरं मोजून झाली, काजं मोजून झाली, खालच्या न्हाव्याच्या शिंकासुद्धा मोजल्या. सध्या तो कबुतरांच्या पुढे आहे.

पत्र दोनदा वाचलं. मला समजलं ते असं. एकोणीस तारखेला राज्यातल्या प्रत्येक गावात लोक आपापल्या चौकात जमणार आणि लहान दवाखाने बंद करू नका म्हणून सांगणार. सरकार म्हणतं, हे दवाखाने कुणाला नकोच आहेत. म्हणून तुमच्या समितीनं ठरवलं की ज्या गावात दर दहांतला एक तरी माणूस चौकात आला, त्याच गावाचा दवाखाना मंत्र्यांपुढच्या यादीत घालायचा, म्हणजे त्यांना नाही म्हणायला जागा उरणार नाही. सगळ्या गावांचे आकडे तुमच्या टेबलावर येणार. आमच्या गावची मोजणी मी करायची, कारण माझी खिडकी चौकावर उघडते.

खिडकीचं खरं आहे. बाकी माझी लायकी तुम्हाला ठाऊक आहे. मी वाचायला शिकले ती कपड्यांचे नमुने कापायला आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर, त्यामुळे माझ्या ज्ञानाला जागोजागी बाह्या आणि गळे कापलेले आहेत. कितीतरी बातम्यांचे शेवट मला अजून माहीत नाहीत. तुमचे भाऊ जेवताना तो शेवट मनानं रचून सांगायचे आणि मी खरा मानायची.

दवाखाना तुम्ही पाहिलाय. चार खाटा, एक सिस्टर, एक वॉचमन. मागच्या हिवाळ्यात कडेची खाट ह्यांची होती. ते बरे होणार नाहीत, हे सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पण उशी कशी दुमडली म्हणजे त्यांना श्वास घेता येतो, हे तिनं शोधून काढलं. आणि मी रोज घरून चालत जाऊन त्यांच्याजवळ बसू शकले. मोठं हॉस्पिटल अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. तिथे हे अनोळखी माणसांत गेले असते. आता त्या खाटेवर शाळेच्या शिपायाची आई आहे. तिला तिथेच राहू द्यावं, एवढंच मला वाटतं. मोजेन मी.

लोभ ठेवा, शिवणीत सोडतात तसा थोडा जास्तच.

तुमची
वहिनी


८ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हो म्हणालीस, बरं वाटलं. न्हाव्याच्या शिंका आकड्यात धरू नकोस म्हणजे झालं. इथे समितीच्या कचेरीत कार्यकर्ते जास्त आणि खुर्च्या कमी. मला टेबल मिळालंय ते दाराआड. दार उघडलं की मी नाहीशी होते. चिटणीस मला शोधत येतात, दाराशी बोलतात आणि जातात.

आता नीट वाच. गर्दीतली माणसं मोजायची नसतात, रेषा सांभाळायची असते. हातपंपापासून दिव्याच्या खांबापर्यंत मनात एक रेषा ओढ. ती ओलांडून जो चौकात येईल, त्याचा एक टक्. कडेवरचं मूल मोजायचं. कुत्रं मोजायचं नाही, मग ते कितीही मनापासून घोषणा देत असो. लोक बाजूच्या गल्लीतून बाहेर पडतील, तिकडे बघूच नकोस. आणि रेषेवरची नजर काढायची नाही. ओळखीचं कुणी दिसलं तर हात हलवायचा नाही. तुझ्याच्यानं राहवणार नाही, पण आवर स्वतःला.

मी एवढी जाचक का झाले, तेही सांगते. मागच्या मोर्चाला एका गावानं आकडा फुगवून दिला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या अर्ध्या रिकाम्या मैदानाचा फोटो. त्यानंतर आमचा एकही आकडा कुणी खरा मानला नाही, ज्यांनी प्रामाणिकपणे मोजलं त्यांचाही नाही. ती माणसं मला अजून रस्त्यात भेटतात.

मला यायला जमणार नाही. तू दर वेळी विचारतेस, मी दर वेळी काम पुढे करते. कधीकधी झोपेत तुझा जिना चढते. वरच्या पायरीवर दादाच्या चपला असतात, म्हणून मागे फिरते. जागी होते तेव्हा पाय खरंच दुखत असतात.

आठवण काढत जा, मी काढतेच.

तुझी
नणंद


२१ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

परवा संध्याकाळी दुकानातून फोनवर आकडा कळवला तेव्हा तुम्ही तो मला पुन्हा एकदा सांगायला लावलात. मग म्हणालात, दहांत एक होत नाही, पुष्कळ कमी पडतंय, नीट पाहिलंस ना. मी हो म्हटलं. आजूबाजूला लोक ऐकत होते. वन्सं, मी नीट पाहिलं नाही. झालं ते लिहिते.

त्या सकाळी धुकं असं उतरलं की चौकच उरला नाही. हातपंप होता, खांब होता, मध्ये तुमची रेषा होती. पलीकडे नुसतं पांढरं. माणसांचा आधी आवाज यायचा, मग पाय, मग अंग. रेषा ओलांडली की ती पुन्हा पांढऱ्यात विरायची. चेहरे दिसत नव्हते, पण कपडे मी ओळखते. अर्धं गाव माझ्या मशीनखालून गेलेलं आहे. कोपराला ठिगळ लावलेला निळा सदरा, टक्. मास्तरीणबाईंची शाल, टक्. न्हाव्याला तर बघावंही लागलं नाही. खूप माणसं येत होती. घोषणासुद्धा धुक्यातून मऊ होऊन वर यायच्या, शेजारच्या खोलीत कुणी हलक्या आवाजात बोलावं तशा. मला फार बरं वाटत होतं.

मग ह्यांचा कोट आला. राखाडी, उजव्या खिशाचा कोपरा मी वेगळ्या दोऱ्यानं टाचलेला. हातपंपापाशी थांबला, एक खांदा जरा उतरवला आणि रेषा ओलांडून चालू लागला.

मला माहीत होतं. कोट मीच दवाखान्याच्या वॉचमनला दिलाय, बिचारा थंडीत बाहेर उभा असतो म्हणून. सगळं माहीत होतं, तरी माझे डोळे कोटाबरोबर गेले. तो आत आत गेला, फिकट होत गेला, आणि मी खिडकीतून वाकून त्याला फिकट होताना बघत राहिले. खाली माणसं येतच होती. त्यांचे पाय ऐकू येत होते. अंगठा यंत्रावरच होता, पण हलला नाही.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. धुकं विरळ झालं तेव्हा चौक काठोकाठ भरला होता आणि रेषेवर कुणीच नव्हतं. आतली माणसं मोजावीत म्हटलं तर ती गल्लीतून पांगायला लागली.

तेव्हा आकडा कमी आहे, माणसं कमी नव्हती. किती होती ते मला माहीत नाही, आणि अंदाजानं मी सांगणार नाही. शिपायाच्या आईची खाट डोळ्यांपुढून हलत नाही. काल शिवताना चुकून एका गळ्यालाच बाही जोडून बसले होते. पुढे काय होईल ते कळवा. रागवायचं तर पत्रातून रागवा, पण गप्प राहू नका.

आधी होता तेवढा लोभ अजून शिल्लक असेल, असं धरून चालते.

तुमची
वहिनी


२७ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. तुझं पत्र वाचलं आणि दार बराच वेळ उघडंच ठेवलं, म्हणजे मी कुणाला दिसले नाही.

मग चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, एवढंच ना, चौक भरला होता तर भरल्या चौकाचा आकडा घाला, धुक्यात बघायला कोण होतं. मी टेबलाशी येऊन तुझ्या गावापुढे पेन्सिलीनं एक आकडा लिहिला. दहांत एकाहून थोडासाच जास्त. दिसायला इतका खरा होता की मला त्याची भीती वाटली. खोडून टाकला. आज तुझं गाव यादीत नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

एक वाट मात्र निघाली आहे. यादीसाठी सरकारशी झालेल्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की एका गावची मोजणी अर्धवट राहिली, असं आमच्याच माणसानं कळवलंय, ती पुन्हा घेऊ द्या. सरकारकडचा अधिकारी हसला. म्हणाला, खुशाल घ्या. मोजणारा गावाबाहेरचा हवा, शेजारी आमचा माणूस बसेल, आणि त्याच कामाला लोक दुसऱ्यांदा घराबाहेर पडतात का, तेही बघू. तारीख दिली सोळा फेब्रुवारी. कामाचा दिवस, मुद्दाम निवडलेला. यातून निभावलं तर दवाखाना यादीत. नाही तर पुन्हा विषय नाही.

गावाला तुलाच सांगावं लागेल. माझ्या हातात असतं तर तेही मी केलं असतं.

तो कोट घेताना दादाबरोबर मी होते. खांद्यात सैल होता, मी नको म्हणत होते. म्हणाला, होणारी बायको शिवणकाम करते, ती बघून घेईल.

जिवाला जपून राहा.

तुझी
नणंद


४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

खांदा मी दोनदा आत घेतला होता. तरी ते एका बाजूनं उतरवूनच चालायचे. दोष कोटाचा नव्हता.

गावाला सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले आणि जे झालं ते बोलले. न्हावी म्हणाला, बाईंना बटणं मोजायला सांगायची होती, माणसं कशाला दिली मोजायला. मास्तरीणबाई म्हणाल्या, एवढ्या गारठ्यात आम्ही आलो आणि आमची मोजदादच नाही! कुणी म्हणालं, पुन्हा एक दिवस काम बुडवायचं म्हणजे अवघड आहे. बरेच जण नुसते पाठ फिरवून निघून गेले. ते जास्त लागलं.

मग वॉचमन पुढे आला. कोट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, काकू, माझ्यामुळे झालं हे. मी तो परत त्याच्या खांद्यावर घातला. म्हटलं, कोट तुमचा आहे, डोळे माझे होते. न्हाव्यालासुद्धा शिंक आली नाही. सिस्टरनं मला आत नेलं, म्हणाली, बोलून झालं असेल तर हात लावा. शिपायाच्या आईची उशी दुमडायला लावली. मला दुमडायला येते, हे मी विसरलेच होते.

लोक येतील की नाही, कळत नाही. शिवलेले कपडे पोचवायला घरोघर जाते, तेव्हा विचारते. जो तो म्हणतो, बघू. या बघूचं माप काही मला घेता येत नाही.

आणखी एक. या वेळी मी खिडकीत बसणार नाही, खाली उतरणार आहे. त्या दिवशी सगळं गाव मोजायला निघाले आणि मी स्वतः कुठेच नव्हते. खिडकी मोकळी राहील, आणि मोजायला बाहेरचं माणूस हवंय. वन्सं, वर्षभरात मी तुम्हाला कधी आग्रह केला नाही. आता करते. तुम्ही या. चपला मी केव्हाच आत ठेवल्या आहेत. जिन्यावर काही नाही.

वाट बघते, एवढ्यात सगळं आलं.

तुमची
वहिनी


१६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुझ्या मशीनवर ठेवून जाते. सरकारकडचा माणूस खाली गाडीत थांबलाय. आकडा दोघांच्या सहीनं संध्याकाळच्या आत पोचवायचा आहे. तू अजून चौकात आहेस. घोषणा ऐकू येताहेत, त्यात तुझा आवाज कुठला ते कळत नाही. तुला घोषणा देताना मी कधी ऐकलेलंच नाही.

जिना चढताना मधेच बसले होते. कुणाला घाई नव्हती. मग उठले आणि वर आले. खोलीला नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता.

आज धुकं नव्हतं. लख्ख ऊन, तरी सगळं झोपेत बघावं तसं दिसत होतं. आधी कितीतरी वेळ चौक रिकामा. एक कुत्रं आलं, रेषा ओलांडून गेलं, मी नियमानं सोडून दिलं. तो माणूस घड्याळ बघत माझी समजूत काढायला लागला. म्हणाला, ताई, लोकांना कामं असतात, मनाला लावून घेऊ नका. तेवढ्यात खाली न्हाव्यानं शटर ओढलं. त्या आवाजामागून पलीकडचं शटर, मग त्याच्या पलीकडचं. मग लोक आले. कामावरून तसेच उठून आलेले, कुणाच्या हाताला खडू, कुणाच्या पीठ. मला वाटलं होतं लोंढा येईल आणि माझी तारांबळ उडेल. तसं झालं नाही, वहिनी. रेषेपाशी येऊन जो तो थबकायचा, वर खिडकीकडे बघायचा, पुढचा आत जाईपर्यंत थांबायचा आणि मग ओलांडायचा. बायकांनी कडेवरची मुलं उचलून दाखवली. एवढं मोठं गाव, आणि एकेक करून आलं. कुणी त्यांना तसं सांगितलं होतं की आपोआप झालं, तुलाच विचारायला हवं.

दहांत एकाच्या पुष्कळ पुढे गेलो आपण. त्या माणसानं सही करण्याआधी आकडा पुन्हा एकदा वाचला आणि पेन खिशात ठेवताना म्हणाला, बरोबर आहे. दवाखाना यादीत गेला.

तू कधी ओलांडलीस, मला माहीत नाही. मधे एकदा फार वाटलं की तुला शोधावं. शोधलं नाही. डोळे रेषेवर ठेवले आणि अंगठा चालू ठेवला. त्यातल्या कुठल्यातरी एका टक्‌मध्ये तू आहेस. कुठल्या, ते मला सांगू नकोस.

रविवारी राहायला येते. तोवर लोभ असू दे, आणि पुढेही.

तुझी
नणंद